झांजेला आठवण असते

मंडळी, ड्रमसेट बघितला की आपली नजर पहिल्यांदा त्या मोठ्या ढोलासारख्या बेस ड्रमवर जाते. बँडचं नावही त्याच्यावरच लिहिलेलं असतं. पण गाणं ऐकताना आपला पाय ज्याच्यावर हलत असतो ते वाद्य बऱ्याच वेळा वेगळंच असतं. वादकाच्या उजव्या हाताशी, जराशी तिरकी बसवलेली, वीस ते बावीस इंच व्यासाची एक मोठी झांज. तिला राइड सिंबल म्हणतात. आजचा लेख तिच्यावर.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी हे काय काढलंस बाबा? तर कारण आहे. मला जे म्हणायचंय ते शेवटी आपल्या भजनातल्या टाळाबद्दल आहे. पण टाळाबद्दल बोलायला लागलं की लोक लगेच 'संस्कृती', 'परंपरा' असे जड शब्द काढतात आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून आधी परक्या झांजेवर बोलू. तिच्याबद्दल आपल्याला फारसं भावनिक वगैरे काही वाटत नाही, त्यामुळे नुसत्या कानाने विचार करणं सोपं जातं.

ड्रमसेटवर झांजा साधारण तीन प्रकारच्या. पायाने उघड-बंद होणारी जोडी म्हणजे हाय-हॅट. अधूनमधून एकदाच जोरात मारून 'झ्झांग' करायची ती क्रॅश. आणि जिच्यावर स्टिकच्या टोकाने गाणंभर वाजवत राहायचं ती राइड. जॅझमधला तिचा नेहमीचा ठेका ऐकला असेल तुम्ही: टिंग, टिंग-अ-टिंग, टिंग-अ-टिंग... नाव माहीत नसलं तरी कान ओळखतो.

या एका आवाजात दोन आवाज असतात. पहिला म्हणजे स्टिकचं टोक धातूवर पडतं तो स्वच्छ 'टिंग'. दुसरा म्हणजे त्याच्या मागे पसरत जाणारा झणकार. टिंग सांगतो की मात्रा नेमकी कुठे पडली. झणकार दोन मात्रांमधली जागा भरून काढतो. राइड चांगली की वाईट हे या दोन गोष्टींच्या प्रमाणावर ठरतं, बाकी सगळं त्यानंतर. नुसता टिंग असेल तर ऐरणीवर हातोडी मारल्यासारखं कोरडं वाटतं. नुसता झणकार वाढला तर पाचसहा आघातांनंतर सगळं एकमेकांत मिसळून नळ सोडल्यासारखा आवाज येतो आणि लय हरवते. चांगल्या राइडमध्ये झणकार एका पातळीपर्यंत चढतो, तिथे थांबतो, आणि प्रत्येक नवा टिंग त्याच्यावर स्पष्ट उमटतो.

हे प्रमाण कशाने ठरतं? एक म्हणजे जाडी. पातळ झांज लवकर 'उघडते', तिचा आवाज खालचा आणि पसरट. जाड झांजेचा आवाज वरचा, टिंग ठळक, झणकार आवरलेला. म्हणून मोठ्या आवाजाच्या रॉक बँडला जाड राइड लागते आणि लहान खोलीत वाजवणाऱ्या जॅझवाल्याला पातळ. दुसरं म्हणजे जागा. मधोमध जी वाटीसारखी घुमटी असते तिच्यावर मारलं की घंटेसारखा टणक आवाज येतो. मधल्या उतारावर मारलं तर नेहमीचा टिंग. कडेवर स्टिकची दांडी घातली की राइडची क्रॅश होते. तिसरं म्हणजे स्टिक. लाकडी टोकाचा आवाज मऊ, नायलॉनच्या टोकाचा चकचकीत. एकच थाळी, पण घुमटीपासून कडेपर्यंत सरकलं की तीन-चार वाद्यं निघतात.

आणि चौथं, ठोके. पुण्यात तांबट आळीत गेला असाल तर भांड्यावर हातोडीने मठार काढतात ते बघितलं असेल. एकसारख्या ठोक्यांनी भांडं नुसतं सुंदर दिसत नाही, पत्रा कडकही होतो. झांजेवरही हेच होतं. प्रत्येक ठोका धातूत एक छोटा ताण ठेवून जातो. ठोके जितके अनियमित, तितका आवाज गुंतागुंतीचा. म्हणूनच हाताने ठोकलेल्या दोन झांजा, एकाच दिवशी एकाच माणसाने केलेल्या असल्या तरी, एकसारख्या वाजत नाहीत. आपल्या धंद्यात याला बग म्हणतात. तिथे लोक त्याचे जास्त पैसे देतात :-)

आता धातू. २२ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवते? पाच वाजता सगळी सोसायटी गॅलरीत येऊन थाळ्या बडवत होती. तो आवाज आठवून बघा. खडखड, खणखण, आणि लगेच शांत. स्टीलचं ताट पातळ पत्र्याचं, दाबून बनवलेलं, कड वळवलेली. त्याला मारलं की ते ओरडतं, पण गुणगुणत नाही. त्याच संध्याकाळी एखाद्या आजींनी माळ्यावरची काशाची थाळी काढली असेल तर फरक कळला असेल. काशाच्या थाळीला चमचा लागला तरी ती बराच वेळ गुंजत राहते.

राइडही काशाचीच असते. उत्तम प्रतीच्या झांजांत सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. (कथील म्हणजे तेच, कल्हईवाला भांड्याला लावायचा ते.) आपल्याकडच्या पारंपरिक चांगल्या काशाचं प्रमाण साधारण ७८-२२. म्हणजे जवळपास एकच धातू. हा धातू मोठा विचित्र आहे. थंड असताना ठिसूळ, नीट हाताळला नाही तर काचेसारखा तडकतो. त्यामुळे तो तापवून ठोकावा लागतो आणि लालभडक असतानाच पाण्यात बुचकळावा लागतो, मग त्याचा ठिसूळपणा कमी होतो. इस्तंबूलच्या झिल्जियान या आर्मेनियन घराण्याचं सगळं नाव या विद्येवर उभं आहे. १६१८ साली आपल्या पूर्वजाला हे मिश्रण सापडलं असं ते सांगतात. आडनावाचा अर्थच 'झांजा करणाऱ्याचे'. १९२९ मध्ये त्यांनी अमेरिकेत कारखाना काढला आणि जॅझचा बहर तिथेच आला.

आपल्याकडे हेच आडनाव आणि हाच धंदा वेगळ्या रूपात आहे. कांस्यकार या शब्दाचं झालं कासार. आज कासार म्हटलं की आपल्याला बांगड्या आठवतात, पण मूळ धंदा काशाचा. आणि माझा जिल्हा गोंदिया, जो १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांचं शहर अशी. म्हणजे धातू ठोकून त्यातून काम काढणं हे आमच्या भागाला काही नवीन नाही.

पण पितळ आणि कासं यांत फरक आहे आणि इथे बरीच गडबड होते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कथील तांब्याहून कितीतरी महाग, त्यामुळे कासं महाग आणि पितळ स्वस्त. सुरुवातीच्या स्वस्त ड्रमसेटबरोबर येणाऱ्या झांजा बहुधा पितळी असतात. बाजारात मिळणारे स्वस्त टाळही बहुधा पितळीच. पितळेचा आवाज सुरुवातीला मोठा असतो, पण लवकर विझतो आणि त्यात रंग कमी. दिसायला दोन्ही पिवळे. डोळ्याने घेतलं तर फसायला होतं, कानाने घेतलं तर नाही.

इथपर्यंत वस्तूबद्दल झालं. आता तिच्या कामाबद्दल.

राइडला आजचं स्थान मिळालं ते १९४० च्या आसपास, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. त्याआधी ड्रमर लय धरायचा ती मुख्यतः बेस ड्रमवर, पायाने, एक-दोन-तीन-चार. केनी क्लार्क या वादकाने लय उचलून वर झांजेवर ठेवली आणि पाय मोकळा केला. पाय मग मधेच एखादा अनपेक्षित ठोका देऊन गायक-वादकांशी बोलायला लागला. वेगात वाजवणं हलकं झालं, संगीत जमिनीवरून उठल्यासारखं झालं. पुढे १९६३ मध्ये टोनी विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा पोरगा माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आला. त्याची राइड नुसती ऐकली तरी बाकीचे काय करत असतील ते कळतं, इतकी ती बोलकी होती.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती दिंडी. मधे पखवाज, पुढेमागे वीणेकरी आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. लय कोण धरतं? टाळ. पखवाजवाला काय करतो? बोलतो. मधेच तुकडा घेतो, मधेच गप्प होतो, समेवर परत येतो. तो हे करू शकतो कारण टाळ हलत नाही. केनी क्लार्कने जी कामाची वाटणी केली ती आपल्या रिंगणात कधीपासूनची चालू आहे. (त्याने आपल्याकडून उचललं असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं फॉरवर्ड करू नका.) मुद्दा एवढाच, की चामडं बोलतं आणि धातू वेळ सांभाळतो, ही व्यवस्था दोन वेगळ्या जगांत लोकांना आपापली सापडली. याअर्थी त्यात काहीतरी तथ्य असणार.

तथ्य काय ते बघू. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आपल्या मृदंग-तबल्यावर अभ्यास छापला होता. साध्या चामड्याच्या पडद्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधे शाई लावून वजन दिलं की ते तारेच्या वाद्यासारखे सुरात येतात. म्हणजे तबला हा माणसाळवलेला पडदा आहे. म्हणूनच तो स्वराला लावावा लागतो. मोठी झांज याच्या अगदी उलट. तिच्यात शेकडो स्वर असतात आणि ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. त्यामुळे तिला काळी चार की पांढरी पाच हा प्रश्नच नाही, ती कुठल्याही पट्टीत चालते. टाळ छोटा आणि जाड, त्यामुळे त्याला थोडाफार ओळखता येणारा स्वर असतो. पण टाळाचे दोन तुकडे कधीच तंतोतंत सारखे नसतात. दोघांच्या स्वरांत किंचित फरक, आणि त्या फरकामुळे आवाज वांव-वांव असा हेलकावतो. तो हेलकावा म्हणजेच टाळाचा गोडवा.

आता मुख्य मुद्दा. झांजेवर स्टिक पडली की सगळे स्वर एकदम निघत नाहीत. आधी खालचे जागे होतात. मग ऊर्जा खालच्या कंपनांतून वरच्या कंपनांत सरकते, आणि तो चमचमणारा झणकार सुमारे ५० ते १०० मिलिसेकंदांनी भरात येतो. जोरात मारलं तर ही सरकासरक जास्त, हळू मारलं तर कमी. म्हणून दुप्पट जोराने मारलेली झांज ही हळू मारलेल्या झांजेची नुसती मोठी आवृत्ती नसते. तो वेगळाच आवाज असतो.

आणि दुसरी गोष्ट. मध्यम लयीत, मिनिटाला १२० मात्रा धरल्या, तर त्या टिंग, टिंग-अ-टिंगमध्ये सेकंदाला तीन आघात होतात. झांज दहा सेकंद गुंजते असं धरलं तर कुठल्याही क्षणी मागच्या तीस आघातांचं काही ना काही त्या थाळीत शिल्लक असतं. नवा आघात शांत थाळीवर पडतच नाही. तो हलत्या थाळीवर पडतो. कधी थाळी वर येत असताना, कधी खाली जात असताना. त्यामुळे तोच हात, तीच स्टिक, तीच जागा, तरी प्रत्येक टिंग थोडा वेगळा. आधी काय झालं त्यावर आत्ता काय होईल ते अवलंबून. आपल्या भाषेत सांगायचं तर झांज स्टेटफुल आहे. तिला आठवण असते.

यंत्रांना नेमकं हेच जमत नाही, आणि याचा इतिहास मजेशीर आहे. खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं पहिलं ड्रम मशीन रॉजर लिनने १९८० मध्ये आणलं, एलएम-१. त्यात बेस ड्रम होता, स्नेअर होता, हाय-हॅट होती, टाळ्यासुद्धा होत्या. क्रॅश आणि राइड नव्हती. का? मेमरी. ड्रमचा आवाज पाव सेकंदात संपतो, झांजेचा संपता संपत नाही. आजच्या सीडीच्या दर्जाने हिशोब केला तर पाव सेकंदाला ४४ केबी लागतात आणि दहा सेकंदांना १.७ एमबी. त्या काळात ही चैन परवडणारी नव्हती. १९८२ च्या लिनड्रममध्ये त्या दोघी आल्या. रोलँडच्या टीआर-८०८ (१९८०) मध्ये सहा ऑसिलेटरांची खिचडी करून झांजेची नक्कल केली होती. १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये ड्रमचे आवाज सर्किटमधून काढले, पण झांजांसाठी मात्र रेकॉर्डिंगच वापरावं लागलं. म्हणजे इंजिनिअर लोकांना सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर या थाळीने.

आज मेमरीचा प्रश्न उरला नाही. स्टुडिओत वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका झांजेची शेकडो रेकॉर्डिंग असतात. तरीही ती एकावर एक ठेवून होते ती बेरीज. खरी झांज बेरीज करत नाही, ती मागचं आणि पुढचं एकमेकांत मिसळून टाकते. आणि आपल्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, जागरणात, आता भजनातही जो ऑक्टोपॅड दिसतो, तो तर एवढाही त्रास घेत नाही. पॅडवर काठी पडली की साठवलेला एक आवाज वाजतो. परत पडली की तोच परत. पूर्ण स्टेटलेस. भराभर वाजवलं तर मशीनगनसारखं वाटतं ते यामुळेच. तबल्याची, ढोलकीची नक्कल तो बरी करतो, कारण ते आवाज लवकर संपतात. टाळ आणि झांज आली की उघडा पडतो.

आता हे सगळं मी का उगाळतोय? आमचं फुलचूर गोंदिया शहराला खेटून आहे, इतकं की गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं ते नवख्याला कळणार नाही. तिथल्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी वर्गणीचा मेसेज आला. ऑक्टोपॅड घ्यायचा आहे, पन्नास हजारांच्या पुढे जाईल, बाहेर नोकरीला असलेल्या पोरांनी हात सैल करावा. शेवटची ओळ अशी: "टाळ-झांजचा आवाज पण याच्यातच येते, वेगळं काही घ्यावं लागत नाही." तुमच्यापैकी अनेकांच्या गावच्या ग्रुपवर असे मेसेज येत असतील, म्हणून हे लिहितोय.

मी उत्तर लिहिलं, की ऑक्टोपॅडला माझे पैसे नाहीत, पण काशाच्या चांगल्या दहा जोड्या टाळ घेणार असाल तर माझा वाटा पक्का. त्यावर एका मोठ्या भावाने लिहिलं, "अरे बाबू, जमाना कुठं चालला अन् तू टाळ घेऊन बसला! पोरं यायला पाहिजेत ना मंडळात." दुसऱ्याने लिहिलं, "भाऊ बरोबर बोलून राहिले." मग ग्रुपवर नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगची फुलं आली आणि विषय खाली गेला.

भाऊंचा प्रश्न मात्र मला योग्य वाटतो. पोरं यायला पाहिजेत. म्हणून त्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

भजनी मंडळात नवीन माणूस शिरतो कुठून? पेटी वाजवायला शिकावं लागतं. तबला, पखवाजाला वर्षं जातात. गायला धीर लागतो. टाळ मात्र हातात दिला की माणूस आत. सात वर्षांचं पोरगं, सत्तरीची आजी, नुकतीच लग्न होऊन आलेली सूनबाई, कोणीही. पहिल्या दिवशी चुकतो, शेजारचा कोपराने ढोसतो, "अरे, टाळ धावून राहिला तुझा." महिन्याभरात लय अंगात बसते. विदर्भातल्या गावागावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजिरी भजनांनी माणसं गोळा झाली ती याच ताकदीवर. वाद्य हातात मावणारं, सोपं, आणि लय सगळ्यांच्या मालकीची. आता ऑक्टोपॅड आला. तो एक जण वाजवणार. बाकीचे नऊ काय करणार? टाळ्या. म्हणजे पोरं यावीत म्हणून जी वस्तू घ्यायची, तीच वस्तू पोरांची पहिली बसायची जागा काढून घेते.

आणि आवाजाचंही तेच. दहा टाळकरी असले की दहा जोड्यांचे स्वर किंचित वेगळे, दहा हात किंचित मागेपुढे, कोणी उघडा वाजवतो, कोणी कडा दाबून बंद. या सगळ्यातून जो जाड, हलता आवाज तयार होतो, तो पॅडवरच्या एका बटणात बसत नाही. अभंग द्रुत लयीत गेल्यावर अंगावर काटा येतो तो कशामुळे? लय वाढली की झणकार साचत जातो, विझायला वेळच मिळत नाही. म्हणजे आठवणींचा ढीग होतो. पॅडवर लय वाढवली तर आवाज फक्त जवळजवळ येतात, साचत नाहीत.

ऑक्टोपॅडवर माझा राग नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत आजही वादक समोर बसून प्रत्यक्ष वाजवतात, रात्र रात्र. तिथे एका माणसाला वीज कडाडणं, बंदूक, थप्पड, घोड्याच्या टापा असं सगळं द्यायचं असेल तर ऑक्टोपॅडसारखी सोय नाही. लग्नाच्या वरातीत ट्रकवर अख्खा ड्रमसेट चढवायचा कोण? तिथेही ठीक. माझं म्हणणं एवढंच, की ज्या आवाजाचं कामच साचत जाणं आहे, तो आवाज त्याच्याकडे मागू नका.

हे स्मरणरंजन आहे असंही कोणी म्हणेल. तसं वाटत असेल तर त्रिलोक गुर्टू ऐका. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरीच्या शोभा गुर्टू यांचा हा मुलगा, जन्म मुंबईचा, १९५१ चा. लहानपणी तबला, मग ड्रम्स, मग जॉन मॅक्लॉफ्लिनपासून जगभरच्या लोकांबरोबर काम. हा माणूस ड्रमसेट खाली जमिनीलगत मांडून वाजवतो, आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो. पाण्याचं ओझं झालं की कंपनं मंदावतात, स्वर खाली घसरतो, बाहेर काढली की परत वर चढतो. हे कुठल्या संग्रहालयातलं काम नाही, आधुनिकातलं आधुनिक आहे. पण ते जमतं, कारण हातात खरी थाळी आहे. साठवलेला आवाज बादलीत बुडवता येत नाही.

तर आता थोडं कामाचं. ज्यांना वीकेंडला ड्रम शिकायचेत (आपल्या ऑफिसांत अशी मंडळी बरीच आहेत), त्यांच्यासाठी. बजेट थोडं असेल तर ड्रम साधे घ्या आणि राइड चांगली घ्या, उलटं करू नका. ड्रमची चामडी बदलता येतात, सूर लावता येतो. झांज जशी आहे तशी आहे. दुकानात एकदाच मारून बघू नका. एका फटक्यात सगळ्याच झांजा छान वाटतात. दोन मिनिटं सलग ठेका धरा, आणि ऐका की झणकार एका पातळीवर थांबतो का चढतच जातो. मग अगदी हळू वाजवा. चांगली राइड कुजबुजतानाही स्पष्ट बोलते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा गुण फार उपयोगी. मग कोणाला तरी वाजवायला सांगून पंधरा पावलं लांब जाऊन ऐका, कारण श्रोते तिथे असतात. घुमटीवर मारून बघा. ती बाकीच्या थाळीची बहीण वाटली पाहिजे, शेजारीण नको.

टाळ घेतानाही असंच. पिवळा रंग बघू नका. एक तुकडा दोरीने लटकवा, दुसऱ्याच्या कडेने हलकेच टोला द्या आणि मनात मोजा. आवाज किती लांब जातो, जाताना हेलकावतो का, की नुसता 'टण्' करून मरतो? वजन हातात तोलून बघा, तासभर वाजवायचाय. बंद वाजवल्यावर आवाज चटकन मिटला पाहिजे, कारण टाळात न वाजवण्याला वाजवण्याइतकीच किंमत आहे. काशाचा आहे असं दुकानदार म्हणाला तर कान लावून खात्री करा, बिल बघून नाही.

आणि तुमच्या गावाहून वर्गणीचा मेसेज आला तर पैसे पाठवा, जरूर पाठवा. आपण बाहेर पडलो, तिथे राहून मंडळ चालवणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. फक्त पाठवताना एकदा विचारा, की या पैशातून वाजवणारे हात वाढणार आहेत की कमी होणार आहेत. त्या उत्तरावर आकडा ठरवा.

असो. आज जरा लांबलं. कोणाकडे आजीच्या वेळचे जुने काशाचे टाळ पडून असतील तर मोडीत घालू नका. कासं जपून ठेवलं तर शंभर वर्षांनीही वाजतं.